चिचटोल्याची टाकी

१९ एप्रिल, शनिवार

शी! साबणाची अर्धी वडी संपवली तरी बोटांचा वास जात नाही. लिंबू चोळलं, राख चोळली. जेवले नाही. चहासुद्धा नको वाटला — चहात पाणी असतं ना!

लिहून काढते. निदान डोक्यातून जाईल.

चिचटोल्याच्या टाकीची लेव्हल आठवडाभर वेड्यासारखी वागत होती. इथे जलशुद्धीकरण केंद्रात माझ्या स्क्रीनवर पाणी योजनेतल्या सगळ्या गावांच्या टाक्या दिसतात. टाकीच्या छतातला सेन्सर खाली आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो, त्यावरून पाणी किती ते कळतं. पण ही टाकी पंप बंद असताना क्षणात भरायची, क्षणात उतरायची. मला वाटलं सेन्सर गेला. नवा घेऊन निघाले.

खाली वारलूभाऊ भेटले. गावात व्हॉल्व सोडायचं काम त्यांच्याकडे. म्हणाले, "बाई, रुखमाबाई रोज मले शिव्या देऊन राह्यली. पान्याले वास येते म्हन्ते." मी म्हटलं, क्लोरीनचा असेल. सकाळीच स्क्रीनवर क्लोरीन हिरवं पाहिलं होतं. पण ते केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचं. टाकीतलं कोण मोजतं?

वर चढले. झाकणच नव्हतं! वाऱ्यानं उडालं की कोणी भंगारात घातलं, देव जाणे. वाकून पाहिलं.

वांदर. काळ्या तोंडाचं, मोठं, फुगलेलं. या उन्हात पाण्याच्या वासानं आलं असेल, आत पडलं असेल. हळूहळू गोल फिरत होतं. सेन्सरखाली आलं की लेव्हल वर, सरकलं की खाली. सेन्सर ठणठणीत होता. केस पाण्यावर सुटून पसरले होते. आणि खाली बाया नळावर — त्यांची नंबरावरून चाललेली भांडणं वर ऐकू येत होती.

मी तिथेच टाकीच्या कठड्यावर ओकले.

निकेशला फोन केला. तो योजना चालवणाऱ्या आमच्या एजन्सीचा साइट इनचार्ज. आणि माझा होणारा नवरा. फेब्रुवारीत साक्षगंध झालं, २५ मेला लग्न. लगेच आला, हे खरं. पाणी बंद केलं, टाकी रिकामी केली, स्वतः दोर धरला. वारलूभाऊ म्हणाले, "मारुतीचं रूप हाये सायेब, गाडू." निकेश म्हणे, "नाल्यात फेका न, कोन पाह्यते!" वारलूभाऊंनी ऐकलं नाही. पळसाखाली खड्डा खणला, हळद-कुंकू वाहिलं. मग मला हळूच विचारलं — "बाई, हनुमान जयंतीचा भंडारा झाला तवा हे आत होतं का नव्हतं?"

काय सांगू? मला माहीत नाही.

टाकी घासली, ब्लीचिंग मारलं, पुन्हा भरली, मी स्वतः तपासली. पाणी चांगलं. वर तात्पुरता पत्रा बांधला. मग निकेश मला अन् वारलूभाऊंना बाजूला घेऊन म्हणाला, "गावात एक शब्द नाई. कोनी विचारलं तं सेन्सर बदलला, बस."

येताना धाब्यावर थांबला. मटण मागवलं. बोटं चाटत म्हणाला, "वांदराले स्विमिंग पूल वाटला असन!" आणि हसला. तर्री हनुवटीवर आली होती. मी खिडकीबाहेर बघत बसले.

२० एप्रिल

दिवसभर बाटलीचं पाणी. पाण्याच्या योजनेत नोकरी अन् पाणी विकतचं! निकेशच्या गाडीत मागे कायम बाटल्यांचा बॉक्स असतो. आज पहिल्यांदा नजरेत भरला.

२३ एप्रिल

चिचटोल्याची लेव्हल हलत नाही. भरलेली ती भरलेलीच. पुन्हा काही बिघडलं म्हणून वारलूभाऊंना फोन केला. "नाई बाई, सगळं बराबर हाये. लोकच नळ सोडून नाई राह्यले."

मग काय पितात?

२४ एप्रिल

गेले बघायला. बाया बोरिंगवर! पिऊ नका म्हणून लाल रंग मारलेल्या, त्या फ्लोराइडच्या बोरिंगवर. जिच्या पाण्यानं या गावातली अर्धी पोरं पिवळ्या, खड्डे पडलेल्या दातांनी हसतात. जिच्यासाठी ही योजना आली, ही टाकी उभी राहिली. रुखमाबाई दांडा हाणत होती. गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले — लग्न होऊन आल्यापासून हेच पाणी प्यालेली. चालली की सारं अंग डुलतं.

"काऊन रुखमाबाई, नळ असून इथी काऊन?"

"त्या पान्याले मेल्याचा वास होता बाई. पोट्ट्यायले हगवन लागली. मायी नात तं दवाखान्यात होती."

"आता चांगलं आहे. मी तपासलं."

"मंग आधी काय झालं होतं?"

"काही नाही. सेन्सर बदलला फक्त."

"काई झालंच नवतं म्हन्तेस, तं आता चांगलं कायचं झालं?"

तिने गुंड भरला, डोक्यावर घेतला आणि डुलत डुलत निघून गेली. मी त्या लाल बोरिंगपाशी उभी. स्वतःचीच शिसारी आली.

२५ एप्रिल

निकेशशी बोलले. म्हटलं, घाण होतं हे सांगितल्याशिवाय स्वच्छ झालं हे कसं सांगणार? सांगून टाकू. माफी मागू. नवीन झाकण बसवू.

"जूनमधी कंत्राट रिन्यू आहे, दिव्यानी. पेपरात आलं तं संपलो. आपलं लग्न तोंडावर आहे. विसरतात लोक, थांब थोडं."

"अन् तोपर्यंत ती बोरिंग?"

"जनमभर तेच पेले न? त्यायले सवय आहे. अजून थोडं पेले तं मरून राह्यले का?"

हे तो रागानं बोलला असता तर चाललं असतं. पण तो प्रेमानं बोलला! माझी बट कानामागे सारत बोलला. त्याच्या हाताला कसलातरी गोड सेंट होता. मी मान काढून घेतली.

"त्यायले सवय आहे." सकाळपासून हेच कानात.

२८ एप्रिल

आईचा फोन. शालू घेतला, मोरपंखी. "पोरगा हिऱ्यासारखा आहे बाई, काही उलटं बोलू नको त्याले. नोकरीचा ताप लग्नात आनू नको." मी हो म्हटलं. फोन ठेवून तोंड धुतलं. बाटलीच्या पाण्यानं.

१ मे

सांगितलं!

आज चिचटोल्यात शाळेच्या पटांगणात ग्रामसभा होती. निकेशला सांगितलं नाही. सरपंचबाईंचं बोलणं झाल्यावर उठले अन् एका दमात बोलले — टाकीत वांदर मेलं होतं, झाकण नव्हतं, आम्ही काढलं, टाकी धुतली आणि तुमच्यापासून लपवलं. आता पाणी चांगलं आहे, बोरिंगचं पिऊ नका.

मागे एक म्हातारी ओकायला लागली. मग एकदम कालवा! वारलूभाऊ उठून उभे राहिले. "मी बी तोंड बंद ठेवलो. मायी बी चूक हाये." त्यांना लोकांनी धक्के मारून खाली बसवलं.

रुखमाबाई पुढे आली. "भंडाऱ्याचा भात आमी त्याच पान्यात शिजवला का?"

"माहीत नाही."

"माईत नाई!" तिने शाळेच्या नळाखालची भरलेली बकेट उचलली अन् माझ्यावर ओतली. सगळी. नाकातोंडात पाणी. मी नुसती उभी राहिले. मग तिने नळ सोडला. "चांगलं हाये न? पी."

डोळ्यांपुढे ते केस. ओंजळ धरली आणि प्याले. पुन्हा धरली. पुन्हा प्याले. "जा आता," ती म्हणाली.

ओल्या कपड्यांनीच गाडी चालवत धानोऱ्याला खोलीवर आले. पाणी पोटात राहिलं. बाहेर आलं नाही!

३ मे

चिचटोल्याची लेव्हल तशीच भरलेली. तासातासाला बघते.

४ मे

निकेशला कळलं. फोनवर ओरडला — "तू मले संपवलंस! घरातल्याच मानसानं!" मी म्हटलं, मी अजून तुझ्या घरात आले नाही. त्यानं फोन कापला.

वाईट वाटलं. खोटं का लिहू? रडलेसुद्धा. वाटलं, त्यानं एकदा, एकदाच त्या लोकांसमोर खरं बोलावं. मग माझं सगळं निवळेल. मी पुन्हा आधीसारखी होईन.

९ मे

निकेश चिचटोल्यात आला!

मी सेन्सरची केबल आवरत होते. गाडी थांबली, मागे नवीन लोखंडी झाकण. कोणी पाठवलं की स्वतःहून आला, मी विचारलं नाही. आधी वर चढला, भर उन्हात झाकण बसवलं, बोल्ट आवळले. घामानं निथळत खाली आला. चावडीपाशी बाया-माणसं जमली होती. त्यानं हात जोडले.

"या पोरीनं सांगा म्हटलं होतं. मीच लपवा म्हटलो. तुमी बोरिंगचं पेऊन राह्यले हे मले माईत होतं, तरी गप राह्यलो. माफ करा."

आवाज फुटला त्याचा. नाटक नव्हतं, मला कळतं. नळाला तोंड लावून प्याला. एक म्हातारबाबा म्हणाले, "जाऊ दे बापू, बोललास न." रुखमाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "होनारा नवरा वाईट नाई बाई तुया." अन् गुंड नळाखाली लावला.

१० मे

लेव्हल उतरली! सकाळी भरली होती, दुपारी निम्म्यावर. स्क्रीनसमोर बसून रडले. चौकीदार घाबरला बिचारा.

संध्याकाळी खोलीवर नळाचं पाणी प्याले. साधं, नळाचं. गार नव्हतं तरी गोड लागलं.

१५ मे

सुट्टी घेऊन घरी. निकेश बल्लारपूरहून आला, आईनं पुरणपोळ्या केल्या. तो वाळलाय. अंगणात मला म्हणाला, "मले लाज वाटली, दिव्यानी. खरंच." मी म्हटलं, माहीत आहे. आणि ते खरंच माहीत आहे.

जेवताना आई हसत म्हणाली, भरव न तिला एक घास. त्यानं तूप लावून पुढे केला. हाताला तोच गोड सेंट, अन् माझ्या कानात तेच — "त्यायले सवय आहे." माझं तोंड मिटलं. मी मिटलं नाही, आपोआप मिटलं. सगळे हसले, लाजली म्हणाले.

१८ मे

लग्नाला नाही म्हणाले.

आई विचारते, आता काय बिघडलं? काहीच नाही. तो खोटा नाही, त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं, गावानं माफ केलं. मीसुद्धा केलं. त्याचं आता काहीच चुकत नाही, हे आईला सांगते अन् मलाही ऐकू येतं.

नळाचं पाणी मी पिते. त्याच्या हातचं प्यायवत नाही.