आमच्या घरचं भूत

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो कागदावरच मानून घ्यावा.) तुमचा खोकला, वहिनींची पाठ आणि तुमचा राग, तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करतो. पहिल्या दोहोंची चौकशी रीत म्हणून, तिसऱ्याची मनापासून. आमच्याकडे सगळं ठीक. लोकांना अजून कमीच दिसतं, त्यामुळे चष्म्याचं दुकान चाललंय. तुमची बहीण मात्र दर रविवारी सकाळी फोन मांडीवर घेऊन बसते आणि विचारलं की म्हणते, चार्जिंग बघतेय. या वयात केस सोडून, तोंडाला पांढरं फासून भूत व्हायला निघाली म्हणून तुम्ही तिच्यावर रागावलात आणि फोन ठेवलात, तो ठेवलातच. बाकीच्यांनी तुम्हाला काय काय सांगितलं असेल देव जाणे. म्हणून खरी हकिगत मेहुण्याकडूनच ऐका.

मुळात बेबी भूत व्हायला गेलीच नव्हती. तो डायरेक्टर आमच्याकडे चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आला, तेव्हा ती काउंटरवर एका गिऱ्हाइकाला झापत होती. (त्याने काचा शर्टाच्या टोकाने पुसल्या होत्या. तुम्हीही पुसता, मला माहीत आहे.) डायरेक्टर दांडी विसरून तिच्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, मला हाच चेहरा हवाय. तो चेहरा मी लग्नापासून बघतोय, पण त्यातलं कसब ओळखणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. मी तिथल्या तिथे होकार दिला. (तिला दुसऱ्या दिवशी विचारलं.) गोष्ट अशी, की एक पछाडलेलं, बंद पडलेलं इस्पितळ आहे आणि तिथली एक जुनी नर्स मेल्यानंतरही वॉर्डात राउंड घेते. ती नर्स म्हणजे आपली बेबी.

सिनेमा लागला त्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावलं आणि बेबीला आणि झाडून सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना घेऊन दुपारच्या खेळाला गेलो. आता दादा, या प्रकारच्या सिनेमात म्हणे पात्रांनीच कॅमेरा हातात धरून शूटिंग केलेलं असतं, मग ती सगळी मरतात आणि तो कॅमेरा कुणाला तरी सापडतो. (सापडला नसता तर बरं झालं असतं.) धरणारा सतत पळत होता, त्यामुळे पडद्यावर कधी छत, कधी फरशी, कधी कुणाचा तरी कान, आणि सगळं धूसर. घाबरण्यासाठी आधी काहीतरी दिसावं तर लागतं! माझ्या गिऱ्हाइकांची समजूत झाली की चष्म्याचाच नंबर चुकलाय. आधी सगळ्यांनी काचा पुसल्या (शर्टाच्या टोकाने!), मग एकमेकांचे चष्मे लावून पाहिले, आणि मध्यंतरात समोशांच्या काउंटरपेक्षा मोठी रांग माझ्यापुढे लागली. त्यातले एक निवृत्त हेडमास्तर तर म्हणाले की मला मोतीबिंदू झालाय हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत. मी आयुष्यभर लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून राबलो, आणि या डायरेक्टर पोराने एका दुपारी माझं नाव मातीत घातलं.

पण बेबीने ते वर काढलं. भूत आलं की कॅमेरावाला कॅमेरा टाकून पळायचा आणि आडव्या पडलेल्या कॅमेऱ्यात भुताची फक्त पावलं दिसायची. अशी पावलं आली की मी उभा राहून सगळ्यांना सांगत होतो, ही आमची! काय ठाम पाऊल टाकते, बघा! बेबी माझा सदरा ओढून मला खाली बसवत होती. (एवढ्या मोठ्या नटीला इतका विनय बरा नव्हे.) मग शेवटाकडे तो प्रसंग आला. तो भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून घेतलाय, म्हणून जरासुद्धा हलत नाही. बेबी दारातून आली, चेहऱ्यासकट. सगळे श्वास रोखून बसले. तिला सांगितलं होतं की पेशंटच्या खाटेपाशी जायचं, त्याच्यावर वाकायचं आणि डोळे वटारायचे. ती निघाली, वाटेत बेसिनचा नळ ठिबकत होता तो बंद केला, खाटेवर वाकली, आणि पेशंटचं घसरलेलं पांघरूण सारखं करून ते पायांखाली दोन्ही बाजूंनी खोचलं. मग डोळे वटारले. (डायरेक्टर तेव्हा खूप ओरडला म्हणे, पण पेशंट झालेला नट खरोखरच गाढ झोपला होता, तो काही उठेना, म्हणून तेच ठेवलं.)

नळाला सगळं थिएटर हसलं, मीही हसलो. पांघरुणाला मात्र कुणी हसलं नाही. हेडमास्तरांनी हळूच नाक पुसलं आणि म्हणाले, "आमची ही होती त्या वॉर्डात असं भूत हवं होतं."

तुमच्या आईच्या शेवटच्या आजारात इस्पितळात रात्रीची पाळी बेबीची असायची आणि दिवसाची तुमची. त्यांच्या पायांखाली पांघरूण तसं कोण खोचायचं, हे मी तुम्हाला काय सांगणार? मला तिचा अभिमान वाटतो, दादा. तुम्हालाही वाटावा, एवढंच माझं म्हणणं.

वहिनींना नमस्कार, खोकल्याला दटावणी.

आपला,
भुताचा नवरा

ता. क. : सिनेमा येत्या शुक्रवारी उतरतोय. त्याआधी या. बेबीला सांगू, नंबर तपासायला आलात. मी हे पत्र लिहिलंय हे तिला अजिबात माहीत नाही.

आणखी ता. क. : दादा, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. सिनेमा अगदी टुकार आहे. आणि ज्या पावलांसाठी हे भर थिएटरात उभे राहून ओरडत होते, ती माझी नव्हेतच, डायरेक्टरच्या मावशीची आहेत. ह्यांना कळवू नकोस, सगळ्या पेठेला सांगून झालंय. पांघरूण मात्र माझं आहे. आईला घालायचे तसंच जमलंय का, ते तुझ्याशिवाय कोण सांगणार? ये. निदान रविवारी फोन कर, चार्जिंग फुल आहे. – बेबी