व्हॉल्व्हचं वेळापत्रक

३ एप्रिल २०१६, रविवार. सकाळी ७.
गाडी उभी असली की थरथरते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. रोग मी ओळखला आहे. तीन व्हिडिओ पाहिले. कॅमशाफ्टचं व्हेरिएबल टायमिंग बिघडलंय. रेणापुरात हा शब्द माहीत असलेला मी एकटाच असावा.

गुरुवारी अकराला नांदेडमध्ये मामांचं, म्हणजे माझ्या बायकोच्या, पंचशीलाच्या वडिलांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन. दुसऱ्या डोळ्याने त्यांना आधीच दिसत नाही. गाडीनेच नेणार. पंचशीला म्हणाली, यष्टीनं जाऊ. नर्स असून धीर कमी.

४ एप्रिल, सोमवार.
नववीला धडा बाजूला ठेवून इंजिन शिकवलं. व्हॉल्व्ह म्हणजे शाळेचं फाटक. कॅमशाफ्ट म्हणजे ते उघडणारा शिपाई. जुन्या गाड्यांत त्याची वेळ ठरलेली. पण इंजिन जोरात पळतं तेव्हा आत येणाऱ्या हवेची गर्दी. फाटक जरा आधी उघडलेलं चांगलं. सावकाश चालतं तेव्हा उशिरा उघडलेलं चांगलं. मग शिपायाला पुढे-मागे सरकवतं कोण? इंजिन ऑइल. कॉम्प्युटर हुकूम देतो, ऑइलचा दाब कॅमशाफ्टला थोडं फिरवतो.

वर्ग थक्क. एकाने विचारलं, उदगीर जिल्हा झाला तर तिकडं पाणी येईल का. विषयांतर.

५ एप्रिल. संध्याकाळ.
गॅरेजवाल्या सिद्रामप्पाकडे गेलो. केवळ सेकंड ओपिनियन. तो म्हणाला, सर, ऑइल कधी बदललं? सांगितलं, दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हापासून नाही. गावाला पंधरा दिवसांआड पाणी मिळतंय, तिथे गाडीने लाड का मागावेत? तो म्हणाला, लई घट्ट झालं असंल, आजच बदला.
उथळ माणूस. प्रश्न टायमिंगचा, हा घसरला ऑइलवर.

६ एप्रिल.
बॅटरीची वायर काढली, दहा मिनिटांनी लावली. दिवा गेला. दुरुस्ती पूर्ण. पंचशीला शेजारच्या कोंडाबाईंना यष्टीच्या वेळा विचारून आली. दुर्लक्ष केलं.

७ एप्रिल, गुरुवार. दुपारी १. अहमदपूरच्या पुढे, बाभळीखाली.
सकाळी सातला निघालो. मामा पुढे बसले. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस, पण सगळा डिझेल बसचा काळ. म्हणून त्यांना फाटक, शिपाई, ऑइलचा दाब, सगळं समजावलं. ते नुसते हं म्हणत होते. मध्येच म्हणाले, पाव्हणं, दिवा लागला का? दिसत नसताना कसं कळलं कोण जाणे. मी म्हणालो, किरकोळ आहे.

अहमदपूर सोडलं. पुढे पाण्याचा टँकर होता. ओव्हरटेकला पाय दाबला. गाडी थरथरली, खोकली, थांबली. पुन्हा चालू होईना.

मामा उतरले. चाचपडत ऑइल तपासायची पट्टी काढायला लावली. बोटांत ऑइल चोळून, वास घेऊन म्हणाले, हे ऑइल न्हाई, काकवी हाय.  पंचशीलाने नांदेडची यष्टी हात करून थांबवली, वडिलांना चढवलं, मागे न बघता गेली. गाडीजवळ कोणीतरी थांबायला हवं होतंच.

८ एप्रिल.
रात्र ढाब्यावर. सकाळी पंचशीलाचा फोन. काल पोचायला उशीर झाला, नंबर गेला. तीन तास बाकावर बसून राहिले. डॉक्टरांनी शेवटी घेतलं म्हणून झालं. आज पट्टी काढली. मामांना समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं.  

मग म्हणालो, मामा माझ्यावर रागावलेत का? ती म्हणाली, न्हाई. म्हणाले, पाव्हण्यांनी लई नीट शिकवलं. अहमदपूर यायच्या आधीच मला समजलं की ऑइल बिघडलंय. फक्त त्यांनाच समजलं न्हाई.
पहिलं वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे.

ते दोघं यष्टीनेच परतणार.

९ एप्रिल, शनिवार.
शेवटी फोन केल्यावर सिद्रामप्पा जीप घेऊन आला. गाडीला दोरखंड बांधला. पन्नास किलोमीटर, तीन तास. नववीची पोरं स्टँडवर उभीच होती.
स्टिअरिंग मात्र घरापर्यंत मीच धरलं होतं.