शाळेचं आवतण

तीर्थस्वरूप आईंच्या पायांशी धाकट्या जावयाचा नमस्कार, आणि मामांनाही हात जोडून. (मामा ओसरीवर डुलकी काढत असतील तर उठवू नका. उठल्यावर सांगितलंत तरी पोचेल.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? ललिता म्हणत होती की डॉक्टरांनी खाली बसू नका असं बजावल्यापासून तुम्ही मुद्दाम खालीच बसता. शेवटी ती मुलगी तुमचीच, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. नामपूरच्या बाजारात कांद्याचं कसं चाललंय हे मात्र मी विचारत नाही. मागच्या खेपेला विचारलं होतं तर मामांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवून दिला होता. आम्ही इकडे सातपूरला खुशाल आहोत. मोबाईल असताना जावई कागद का काळा करतोय, असं तुम्हाला वाटेल. कारण काही नाही. सहज आठवण आली.

शाळेचं ठीक चाललंय, म्हणजे आता ठीक चाललंय. तुम्हाला माहीतच आहे की माझी शाळा पेठच्या बाजूला डोंगरात एका पाड्यावर आहे आणि दिवाळी उरकली की तिथली तरणी माणसं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. जाताना गाठोडी नेतात तशी पोरंही नेतात. मग वर्गात मी, फळा आणि भिंतीवरची पाल एवढेच उरतो. (पाल नियमित येते.) पोरं उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात तेव्हा शिकलेली अक्षरंसुद्धा बागेतच सांडून आलेली असतात. यंदा मी मनाशी धरलं होतं की काही झालं तरी पोरं आजी-आजोबांजवळ ठेवून घ्यायची. पालकसभेत तसं बोललो, तर सार्थकची आई मीना उभी राहिली. एरवी ती सभेत तोंड उघडत नाही. म्हणाली, "गुरुजी, आमी तठं बागात, पोरां इठं. जेवली का नाय, सुखानं घरी गेली का नाय, आमाला कसा कळंल?" हे मला आधी सुचलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी बैठकीत सांगितलं की पालकांना जेवण, सुरक्षितता आणि शाळेची वेळ या तिन्ही गोष्टी रोज कळवत जा. मी म्हटलं, देव पावला. लगेच ग्रुप काढला आणि 'सर्व पालकांना कळविण्यात येते की' अशी सुरुवात करून झकास शुद्ध मराठीत सूचना टाकू लागलो. आई, माझं अक्षर आणि माझी भाषा या दोन गोष्टींचं कौतुक तुम्ही लग्नाच्या बोलणीतसुद्धा केलं होतं. पण पाड्यावर रेंज येते ती फक्त मारुतीमागच्या खडकावर, आणि खडकावर चढून 'सुरक्षिततेच्या दृष्टीने' वाचायची कोणाला हौस असणार? उत्तरादाखल गुलाबाची फुलं तेवढी यायची. एकदा मी 'उद्या शाळा सकाळी भरेल' असं टाकलं, त्यावरही एक गुलाब आला आणि पोरं आली दुपारी.

म्हणून मी पुंजाकडे गेलो. हा पुंजा पाड्यावर लग्नाकार्याची बोलावणी करतो, घरोघर फिरतो, खणखणीत आवाजाचा माणूस. त्याला म्हटलं, एवढं घरोघर सांगून ये, उद्या शाळेत मसालेभात आणि मटकीची उसळ आहे. त्यानं दोनदा विचारलं, सगळ्या घरी सांगू का? मी म्हटलं, सगळ्या घरी, एकही सोडू नको. (इथं तो माझ्याकडे जरा आदरानं पाहायला लागला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.)

आता तुम्ही बागलाणच्या, मी निफाडच्या मळ्यातला, आपल्याला कसं ठाऊक असणार? या पाड्यांवर आमच्या घरी उद्या अमुक शिजणार आहे असं कोणी दारात येऊन सांगितलं, की ते आवतण. जेवायचं बोलावणं. ते मोडलं तर घराघरांत बोलणं बंद होतं. आणि आवतणाला रिकाम्या हातानं जायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी पाढे घेत होतो तर सगळा पाडा ओळीनं उतारावरून येताना दिसला. म्हाताऱ्या नवी लुगडी नेसलेल्या, बाप्ये टोप्या घातलेले, प्रत्येकाजवळ स्वतःची थाळी आणि तांब्या. कोणाच्या पदरात नागलीचं पीठ, कोणाकडे उडदाचं, कोणी भोपळा खांद्यावर घेतलेला, आणि धोंडीराम आजोबांच्या काखेत जिवंत कोंबडा. सगळे पटांगणात रांगा करून बसले. स्वयंपाक करणाऱ्या सुलाबाईंनी पातेल्याकडे पाहिलं, रांगांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे जे पाहिलं ते मी पत्रात लिहू शकत नाही. एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, तांदूळ पोरांपुरताच हाय." मुलांच्या वाटणीचा दाणा मोठ्यांच्या पोटात गेला तर माझी नोकरी गेली, आणि परत पाठवावं तर पोरं दिवाळीची वाटही न पाहता गेली. मी घाम पुसत उभा होतो तोच फाटकाशी साहेबांची गाडी येऊन थांबली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

मला वाचवलं ते बयाबाईंनी. या माझ्या वर्गातल्या आरोहीच्या नि सार्थकच्या आजी. दात नाहीत, पण शब्दाला धार आहे. त्यांनी सगळ्यांना दटावून सांगितलं की आधी पोरां जेवतील, मोठ्या माणसांनी नुसतं बघायचं. मग पोरं जेवली आणि सगळा पाडा बघत राहिला. आई, त्या म्हाताऱ्यांनी भात बोटांनी दाबून पाहिला, उसळीचा वास घेतला, कोण किती खातो ते पाहिलं. सार्थकनं तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा मीना तोंडाला पदर लावून हसली. तोवर बायांनी बाजूला तीन दगड मांडले होते. आणलेल्या नागलीच्या भाकरी झाल्या, उडदाचं बेसन झालं. (कोंबडा साहेबांच्या आदरापोटी वाचला. साहेब माळकरी आहेत.) साहेबांनाही रांगेत बसवलं. हा काय कार्यक्रम आहे, असं त्यांनी विचारलं तर पुंजानं अभिमानानं सांगितलं, आवतण हाय. साहेबांनी दुसरी भाकरी घेतली आणि मला हळूच म्हणाले, सूचना द्या म्हटलं होतं, तुम्ही पंगतच घातली. पण रागावले नाहीत.

हात धुताना बाकीचं आपोआप ठरलं. माझ्या सूचना धुऊन निघाल्या म्हणा ना. शाळा सुटल्यावर पोरांना ओहळ ओलांडून द्यायला धोंडीराम आजोबा उभे राहणार. आणि दिवसाची खबर मी लिहायची नाही. बयाबाईंनी खडकावर बसून बोलायची, मी फक्त फोनवर रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं.

दिवाळीनंतर पिकअप आली. पोरं गाठोड्यांवर चढून बसली होती आणि मी उगाच मोटारसायकलचा आरसा पुसत होतो. शेवटी मीनानं सार्थकला खाली उतरवलं, त्याचं दप्तर बयाबाईंच्या हातात दिलं आणि पुढं जाऊन बसली. गाडी वळेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही. मग एकेक करत बरीच पोरं उतरली. सगळी नाही, पण बरीच. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

आता रोज शाळा सुटली की खबर जाते. कोण काय जेवलं, कोणी वांगं टाकलं, कोणाच्या पायात काटा गेला नि निघाला, उद्या शाळा सकाळची का दुपारची. त्यातच कोणाची कोंबडी खुडूक बसली आणि कोणाची सून कोणाशी भांडली हेही जातं, ते मला थांबवता येत नाही. बागांमध्ये माणसं एका फोनभोवती जमून ऐकतात. उशीर झाला तर मलाच फोन येतो, आज आजी का बोलली नाय? माझ्या शुद्ध मराठीची चौकशी अजून कोणी केलेली नाही.

तर असं सगळं सुरळीत आहे, काळजी नसावी. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा आज्ञाधारक जावई,
हिरामण

ता. क. – तुमच्या हातच्या खापरावरच्या मांड्यांबद्दल मी बयाबाईंजवळ सहज बोललो होतो. पुरणाची एवढी मोठी पोळी हातावर कशी फिरवतात, एवढंच. परवाच्या खबरीत त्यांनी सांगून टाकलं की येत्या रविवारी गुरुजींची सासू शाळेत मांडे करणार आहे.

ता. क. दुसरा – सांगितलं म्हणजे आवतण झालं. ते मागं घेता येत नाही, मी विचारून पाहिलं. डाळ-गूळ पाडा जमवतोय, लाटायला नि भाजायला बायका आहेत, तुम्ही खुर्चीवर बसून दाखवायचं. ललिताला यातलं अजून काही माहीत नाही.

ता. क. तिसरा – वडीलधाऱ्यांना आवतण फोनवर देत नाहीत, माणूस पाठवतात. म्हणून हे पत्र. ज्यानं आणून दिलं तो पुंजा. त्याला चहा द्या. तो 'हो' ऐकल्याशिवाय दारातून हलणार नाही, त्याचा तसा रिवाज आहे.

ता. क. शेवटचा – द्राक्षबागेतल्या माणसांनी रविवारची सुट्टी मागून घेतली आहे. पिकअप ठरली आहे आणि पुढच्या सीटवर मीना बसणार आहे. सार्थक दोन दिवसांपासून शाळा सुटली तरी घरी जात नाही, रस्ता दिसतो त्या खडकावर जाऊन बसतो. खापर पुंजाच्या हाती देऊ नका, फोडेल. तुम्हीच घेऊन या.