घंटी नसलेली गाडी

शुक्र. १४ जून २००२, शारजा

आज हत्ताला. पुढच्या महिन्यात नामिबियाला जायचंय, तिथे गाडी आपणच चालवायची आणि निम्मे रस्ते खडीचे, म्हणून डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर 'प्रॅक्टिस'. प्रॅक्टिस शिरीषची. मी शेजारी थर्मास धरून.

डांबर संपलं तरी नवऱ्याचा पाय तसाच. म्हटलं, खडीवर चाकं धरत नाहीत, ऐंशीच्या आत ठेव. तर म्हणे, "घंटी वाजली का? नाही ना? मग." इथल्या गाड्या एकशेवीसच्या वर गेल्या की टिंगटिंग वाजतात. इतक्या वर्षांत ह्याने वेगाचा सगळा विचार त्या घंटीवरच सोपवून टाकलाय. मागून लेक, "पापा, मेक इट रिंग." ईशा अकराची झाली, तिलाही तेच वळण.

मंगळ. १८ जून

हमरियात आमच्या फॅक्टरीमागचा रस्ता अजून कच्चाच. रोज ट्रकच्या धुळीतून जाते. ब्रेक करकचून दाबायचा नाही, नुसता पाय उचलायचा. स्टिअरिंग झटकायचं नाही. पुढच्या ट्रकची धूळ बसेल इतकं मागे राहायचं. कुणी शिकवलं नाही, घसरून घसरून कळलं. शि.ला सांगितलं. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला नाही, एवढीच मेहरबानी.

भाड्याच्या गाडीवर दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव देता येतं. माझं दे म्हटलं. "तिथे डावीकडून चालवतात. तू शिकलीस इथे, उजवीकडून. मी पुण्यात चालवलीय." हे खरं आहे. म्हणूनच जास्त राग आला.

शनि. २० जुलै, नामिबिया

देश सुंदर आहे, मान्य. रस्ता पांढरा, सरळ, चिटपाखरू नाही.

गाडीत घंटी नाही. निघतानाच लक्षात आलं, बोललेही. शि. हसून म्हणाला, "बरंय, कटकट नाही." कोणाची, ते विचारलं नाही.

सोम. २२ जुलै

ईशाचा उजवा हात कोपरात मोडलाय. आम्ही दोघं धड.

दुपारी. काटा शंभरच्या पुढे. मी हळू, हळू म्हणत होते, मग ओरडले. वळणावर खडी सैल होती. त्याने ब्रेक दाबला, पाय रोवून. गाडी मागून फिरली, कडेच्या मातीवर चढली आणि कुशीवर पडली. धूळ खाली बसेपर्यंत मागून ईशाचा आवाज नाही. त्याबद्दल आज नको.

एका शेतकऱ्याने पिकअपमधून दवाखान्यात आणलं. मग भाड्याच्या गाडीवाल्यांचा माणूस आला. शि. त्याला म्हणाला, हरीण आडवं आलं. त्या माणसाने रस्त्यावरच्या खुणा बघितल्या असणार, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ईशाचा धड हात धरून बसले होते.

हरीणबिरीण काही नव्हतं. रस्ता रिकामा होता.

शुक्र. २ ऑगस्ट, शारजा

जेवायला मंदार, शि.चा ऑफिसातला मित्र, त्याची बायको नीता आणि त्यांची दोन छोटी. मटण मी केलं, गोष्ट ह्याने वाढली. हरणाला आता शिंगं आलीत. "हबीबी, एका सेकंदाचा खेळ. त्या जिवाला वाचवायला गेलो." मंदार म्हणाला, दुसरा कोणी असता तर खलास. सगळ्यांनी ईशाच्या प्लास्टरवर सह्या केल्या. ईशा माझ्याकडे बघत होती.

डिसेंबरात त्यांनाही तिकडेच जायचंय. रस्ते कसे आहेत, नीताने विचारलं. शि. म्हणे, मस्त, बिनधास्त जा, फक्त जनावरांकडे लक्ष ठेवा. वेगाबद्दल चकार शब्द नाही. मी रस्सा गरम करायला आत गेले आणि पळी आपटली. बाहेरून प्रेमाने विचारणा, काही सांडलं का म्हणून.

गुरु. ८ ऑगस्ट

आज स्पष्ट बोलले. मंदारला खरं सांग. मागच्या सीटवर त्यांची मुलं बसणार आहेत, आणि मंदारच्या गाडीलाही इथे घंटीच आहे, तोही तिच्यावरच चालवतो. शि. पेपरातून वर न बघता म्हणाला की आता तोंड कुठे दाखवू. मग पान उलटून, "आणि खरं म्हणजे काय, ते तू सांगणार?"

हो, मी सांगणार. नीता उद्या नकाशा न्यायला येतेय.

शुक्र. ९ ऑगस्ट

नीताच्या आधी ईशाशी बोलावं, तिला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून सकाळी तिची वेणी घालायला बसले. हात प्लास्टरमध्ये, तिला स्वतःला जमत नाही. म्हटलं, बाळा, त्या दिवशी हरीण नव्हतं.

"आय नो."

पापाने दवाखान्यातच सांगितलं होतं म्हणे. मम्माला बोलायचं नाही, असंही. "मम्मा, यू शाउटेड ना. पापा गॉट स्केअर्ड, म्हणून ब्रेक दाबला. दॅट्स व्हाय ही सेड डिअर. सो नोबडी ब्लेम्स यू." मग डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून, समजूत घातल्यासारखं, "आय वोंट टेल एनीवन."

म्हणजे मला वाचवायला. आणि पोर अडीच आठवडे मला सांभाळून घेतेय. मी ओरडले होते हे खरंच. काटा शंभराच्या पुढे होता म्हणून ओरडले. पण हे आता मी कुणालाही सांगितलं तर ते कसं ऐकू येईल —

वेणी अर्धीच राहिली. नीता आलीय. बाहेर शि. नकाशा उलगडतोय, मला चहासाठी हाक मारतोय. ईशा दारात उभी आहे, मी काय बोलते ते ऐकायला.