मुलाणी वस्तीचे आत्मपरीक्षण

१ फेब्रुवारी १९५९, रविवार. दौंड स्टेशन, दुपारी २
गाडी चुकली. पुढची साडेतीन तासांनी. मेहुण्याच्या घरून निघायला उशीर झाला, त्याला कारण त्यांची बासुंदी, मी नव्हे. बाकावर बसलो असता एकाएकी स्वतःकडे पाहिले. वय अठ्ठेचाळीस. सोळा वर्षे शिरूर तालुक्याच्या बातम्या पुण्याच्या पत्राला धाडतो आहे. टोळधाड, कीर्तन, मामलेदारांची बदली. त्यांतली एकही माझ्यामुळे घडलेली नाही. हे बदलले पाहिजे.
निश्चय: आधी स्वतः बदलणे, मग तालुका. दोन्ही पाडव्याच्या आत.

३ फेब्रुवारी. शिरूर
साधना ठरली. रोज सकाळी गावाबाहेर माळावर अनवाणी चालणे, म्हणजे भूमीशी संबंध. हातात झाडाची ताजी डहाळी, म्हणजे वनस्पतींशी. मग एके ठिकाणी डोळे मिटून बसणे, म्हणजे स्वतःशी. चहा दिवसातून एकदाच.
कुटुंबाचे म्हणणे, आधी रॉकेलच्या डब्याशी संबंध ठेवा, तो परवापासून रिकामा आहे. पाठशाळेत न गेलेल्या माणसाला सूक्ष्मात शिरता येत नाही.

४ फेब्रुवारी
मुलाणी वस्तीच्या माळावर गेलो. दीड मैल. अनवाणी एकशे दहा पावले. पुढे सराटे. उरलेले चपला घालून, पण मनाने अनवाणी. डहाळी उंबराची मिळाली, बेचक्याची. दोन्ही हातांत धरायला सोयीची.
चहा तीनदा, थकव्यामुळे.

७ फेब्रुवारी
परिणाम दिसू लागला. आज मागे चार माणसे. कुणी बोलत नाही, खोकत नाही. मी थांबलो की थांबतात. हात अवघडून डहाळी जराशी खाली झुकली, तर मागून कुणी 'या अल्ला' म्हणाले. इतकी भावना पुण्याच्या व्याख्यानांतही पाहिली नाही.
वस्तीतला कर्ता माणूस सुभान मुलाणी, माझ्याच वयाचा, जवळ येऊन विचारता झाला, "शास्त्रीबुवा, तळपायाला काय गार लागतं का?" मी म्हटले, अजून नाही, सरावाने लागेल. तो म्हणाला, "सावकाश हू द्या. आमच्या तीन पिढ्या थांबल्यात."

१० फेब्रुवारी
कुटुंबाने बाजारातून बातमी आणली की मी पाणाड्या झालो. अनवाणी, हातात उंबराचे बेचके, मागे माणसे. म्हणजे जमिनीखालचे पाणी बघणारा. लोकांनी दुसरे काय समजावे, असे तिचे म्हणणे. मी हसलो. बाजारातल्या बातमीची किंमत बातमीदाराला ठाऊक असते.

१५ फेब्रुवारी
मी बसतो तिथून चाळीस पावलांवर, बांधावर, कुणीतरी चुन्याचे वर्तुळ काढले आहे. सुभान सगळ्यांना सांगतो, शास्त्रीबुवांचे ध्यान इथेच लागले. मी तिथे कधी बसल्याचे स्मरत नाही. तसे म्हटले तर तो म्हणाला, "तुमचं ध्यान लागलं हुतं, तुम्हाला कसं कळंल?" पटले. समाधीत देहभान राहत नाही.
याहून मोठी घटना: बांधापलीकडचे जयसिंगराव, सोसायटीचे चेअरमन, सुभानशी नऊ वर्षे याच बांधावरून अबोला. आज दोघे वर्तुळाभोवती उभे राहून एकमेकांशी बोलले. फार नाही. जयसिंगराव म्हणाले, "निम्मी माझ्या हद्दीत येतीया." सुभान म्हणाला, "व्हय." पण बोलले.
रात्री पत्राला बातमी धाडली, सहा पाने. मथळा: 'आत्मपरीक्षणाने एका वस्तीचे परिवर्तन'.

२२ फेब्रुवारी
वर्तुळात खणायला सुरुवात झाली. जयसिंगरावांनी नारळ फोडला, सुभानने फातिहा दिला. मला पहिला टिकाव मारायला लावला. टिकाव उचलला तेव्हा लक्षात आले की हे लोक विहीर खणत आहेत.
म्हणजे कुटुंबाचे खरे होते. (तिला सांगितलेले नाही.)
सुभानची बायको फरीदाबी घोड नदीवरून रोज चार खेपा पाणी आणते. एक खेप म्हणजे जाऊन येऊन तीन मैल. तिने विचारले, "पाऊसपाण्याआधी लागंल नव्हं?" मी म्हणालो, निसर्ग कळकळीने मागणाऱ्याला विन्मुख पाठवत नाही. असे बोलायला नको होते. तिने डोईवरचा पदर सारखा केला आणि रिकाम्या घागरी उचलून चालू लागली.
उद्या सर्वांना खरे सांगायचे. नक्की.

२३ फेब्रुवारी
सुरुंग उडत होते. सांगितले असते तरी ऐकू गेले नसते.

२७ फेब्रुवारी
सांगायला म्हणूनच गेलो. जयसिंगरावांनी हुरडा पुढे केला. खाताना असले विषय काढू नयेत.

४ मार्च
अठरा फूट. नुसता मुरूम. आज सांगणार होतो, पण जयसिंगरावांचे गडी आणि सुभानचे पुतणे एकाच घमेल्याला हात लावताना दिसले. परिवर्तनाच्या ऐन क्षणी सत्य मध्ये आणणे बरे दिसत नाही.

१२ मार्च
कालपासून रोजे. सुभान पहाटे खाऊन विहिरीत उतरतो आणि दुपारपर्यंत पहार चालवतो. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. सहानुभूती म्हणून मीही दुपारचा चहा सोडला. साडेचारला परत घेतला. डोके दुखत होते.

२२ मार्च
अठ्ठावीस फूट. काळा कातळ, हाडासारखा कोरडा. जयसिंगराव सर्वांदेखत म्हणाले, "आणखी पाच फूट. न्हाई लागलं तर बुजवायची, आन् बांध पुन्हा जिथल्या तिथं." म्हणजे अबोलाही जिथल्या तिथे.
सगळे माझ्याकडे पाहू लागले, म्हणून डोळे मिटले. मिटल्यावर उघडण्याची सोय राहिली नाही. दोन तास बसलो. त्यात आत्मचिंतन पंधरा मिनिटे, बाकी झोप. जागा झालो तर डोक्यावर कुणीतरी घोंगडे बांधून सावली केली होती. काठ्या रोवून वर नीट ताणले होते. फार वाईट वाटले.

२९ मार्च
सांगितले.
सर्वांसमोर नाही, एकट्या सुभानला, बाभळीखाली गाठून. म्हणालो, मी पाणाड्या नाही. मला जमिनीखालचे काही कळत नाही, वरचेही बेताचेच. मी स्वतःला बदलायला येत होतो.
त्याचे ओठ वाळून पांढरे झाले होते. म्हणाला, "ठावं हाय की. पयल्या दिसापासनं."
मग सांगितले ते असे. या जागी पाणी आहे, हे त्याच्या आज्याने मरताना सांगितले होते. पण जागा बांधावर. जयसिंगरावांच्या संमतीशिवाय पहार लावता येत नाही, आणि मुलाण्याच्या आज्याचा शब्द जयसिंगराव कशाला मानतील? "तवा तुम्ही आलात. बामणाचा माणूस, अनवाणी, हातात उंबर. म्या म्हनलं, आता बोलायचं काम न्हाई."
विचारले, पाणी लागेल ना? तो म्हणाला, "आजा खोटं बोलत नव्हता. पर त्यानं किती फुटांवर, ते न्हाई सांगितलं."
मी म्हटले, निदान जयसिंगरावांना तरी सत्य सांगतो. त्याने हात जोडले. "एवढं करा, गप बसा. बसायचं तर तुम्हाला येतंच."
सत्य बोलण्याची पूर्ण तयारी झाल्यावर ते गिळायला किती मनोबल लागते, हे त्याला कळले नसावे.

५ एप्रिल
बत्तीस फूट. कातळाला ओल. जयसिंगराव म्हणाले, घाम असेल. सुभान ओली माती मुठीत धरून बसला.

७ एप्रिल, सायंकाळ ६
लागले. तेहतिसाव्या फुटाला उत्तरेच्या अंगाने झरा, मनगटाएवढा. जयसिंगराव धावत आले आणि माझ्या पायांवर डोके ठेवले. मी सुभानकडे पाहिले. तो पाठ फिरवून पहार धूत होता. रोजा सुटायला थोडा अवकाश होता; ते पाणी हातांवरून वाहू देत होता, पीत नव्हता.
मी गप बसलो.
पुण्याच्या पत्राचा अंक आला. माझी बातमी, मागाहून धाडलेल्या विहिरीच्या पुरवणीसकट, पाचव्या पानावर, दीड ओळ: 'शिरूरजवळ एका विहिरीचे काम सुरू आहे.'

१० एप्रिल, शुक्रवार
काल पाडवा झाला, आज ईद. पहिली बादली काढायला दोन्ही घरे जमली. वाटीभर शिरखुर्मा खाल्ल्यावर वाटले, सत्य सांगायचे नाही तर निदान तत्त्व तरी सांगावे. विहिरीच्या काठी उभा राहून भाषणाला सुरुवात केली. माणसाने आधी आत खणावे, मग बाहेर. वगैरे.
एवढी शांतता मी कुठल्याही सभेत अनुभवली नाही. जयसिंगराव, त्यांचे गडी, मुलाण्यांच्या सगळ्या बाया, सर्वांच्या माना खाली, दृष्टी माझ्या पायांवर. या पायांनी एवढे काही केले नाही, असे विनयाने म्हणणार होतो.
फरीदाबी दोन पावले पुढे आली. म्हणाली, "शास्त्रीबुवा, तुमचं चालू द्या. फकस्त पाय उचला, खाली दोर दबलाय."
उचलला. बादली वर आली. सगळे माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकले.
भाषण नवव्या मिनिटाला संपले, अशी नोंद करून ठेवतो. पाणी गोड आहे.