बाईंचा चष्मा

४ मार्च
पहिलीच्या आमच्या बाई जिन्यात पडल्या! उजवा हात मोडला. आई सांगत होती — "म्हणतात, 'डोळेच गेले माझे. नव्या चष्म्यातूनही पायऱ्या हलतात.' घरची शिकवणी बंद करणार आहेत."
नवा चष्मा. तो मीच बनवलाय.
जेवण अर्धंच टाकून उठलो.

५ मार्च
चष्मा केला त्या दिवशी दुकानात बाईंच्या काचा घासायला घेतल्या आणि समोरून ती गेली, कॉलेजपासून जिच्या मागे आहे ती — कुणाच्या तरी बाइकवर, मागे बसून, हसत! माझं टाळकं सटकलं. हातातलं टाकून चौकापर्यंत धावलो. परत येऊन फणफणतच चष्मा जोडला. डावी काच उजवीकडे गेली असेल? यंत्रावर नंबर तपासायचा असतो. तपासलाच नाही.
हिच्यापायी मारामारी, हिच्यापायी कॉलेज सुटलं, आता हिच्यापायी बाईंचा हात!
छे. हिच्यापायी कसला — माझ्यापायी.

६ मार्च
वर्गात बाईंचा नियम होता. चुकलं की आपणच हात वर करून ओरडायचं — "चुकलं!" मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. माझी बेरजेची भीती त्या टाळ्यांनी घालवली. पुढे पुढे मी टाळ्यांसाठी मुद्दाम चुकायचो! "लबाडा, ही खरी चूक नाही. हिला टाळ्या नाहीत."
आज त्यांच्या दारापर्यंत गेलो. बेल न वाजवताच परतलो. भित्रा!

८ मार्च
सकाळी 'जरा बघतो' म्हणून बाईंकडून चष्मा दुकानात आणला. यंत्राखाली धरला — अदलाबदलच! मालकांना सांगितलं. "पुन्हा असं झालं तर घरी बसायचं, मजनू!" नव्या काचा घासल्या, दोनदा तपासल्या, घेऊन गेलो.
"बाई, तुमचे डोळे चांगले आहेत. चुकलं माझं."
उभा राहिलो. टाळी नाही.
"तुला कधी कळलं?"
"शंका मंगळवारीच आली होती."
"आज शनिवार. इतके दिवस मी स्वतःला आंधळी समजून बसले, गाढवा."
जमीन दुभंगली असती तर बरं!
निघालो तर मागून — "फळ्यावर लिहायला हात नाही मला. सोमवारी दुकान सुटलं की ये."

१० मार्च
फळ्यावर बेरीज मांडत होतो. खाली बाइक थांबल्याचा आवाज — हातचा विसरलो. खिडकीकडे गेलो नाही. खडू ठेवला, हात वर केला. "चुकलं!"
पोरांनी टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली. बाईंनीही वाजवल्या — डाव्या हातानं, मांडीवर.