तिसऱ्या ठोक्याआधी

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या भिंगरीचं विचारतेस म्हणून लिहितो. बाईंनी, म्हणजे स्पीच थेरपिस्टनी, दुखण्याचं नाव सांगितलं: अ‍ॅप्रॅक्सिया. सहा वर्षांच्या पोरीला काय म्हणायचं ते पक्कं ठाऊक असतं, जीभही धड आहे, पण डोक्याचा हुकूम ओठांपर्यंत पोचेतो वाटेत सांडतो. उपाय म्हणजे सराव. तो घरच्यांनी करून घ्यायचा, रोज दहा मिनिटं, आणि फोनवर चित्रण करून बाईंना पाठवायचं. ही कामगिरी माझ्याकडे. वीस वर्षं फळबाजारात लिलाव पुकारणाऱ्याला बोलायला शिकवणं काय अवघड? बाईंना तसं सांगितलंही. त्या नुसत्या हसल्या.

प्रगती उत्तम. हल्ली ती टेबलावर बोटाने तीनदा ठोकते आणि माझ्याकडे बघते. बाजारात मी तीन ठोके देऊन माल सोडतो ना, तेच. रक्त बोलतं म्हणतात ते असं.

लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नये.
तुझा धाकटा


ता. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रक्त बोलतं हे कळलं. पोरगी काय बोलते ते मात्र पत्रात सापडलं नाही. चष्मा पुसून दोनदा शोधलं.

बाबा म्हणायचे, याला कान दिलेत ते पुढेमागे चष्मा अडकवायला. मी काही शहाणी नाही. पस्तीस वर्षं मुलांना गप्प बसवण्याचाच पगार घेतला. पण ती ठोकते कशासाठी, एवढं त्या बाईंना विचार.

रागावलास तरी पत्र टाक.
ताई


ता. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारायची वेळच आली नाही. बाईंनीच बोलावलं. त्या खोलीत मोठी खुर्ची एकच, तिच्यावर बाई. मी मुलांच्या पिवळ्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला. समोर माझंच चित्रण.

मी ‘पाणी’ म्हणतो. भिंगरी माझ्या तोंडाकडे बघून ओठ मिटते. तेवढ्यात माझं बोट टेबलावर, एक, दोन, तीन. आणि मीच पुन्हा ‘पाणी’ म्हणून पेला पुढे सरकवतो. शपथेवर सांगतो, हे मला ठाऊकच नव्हतं. बाजारात तिसऱ्या ठोक्यानंतरही थांबून राहणाऱ्याचा धंदा बसतो, ती सवय. एकोणीस वेळा पोरीने ओठ मिटले, एकोणीस वेळा मी तिचा शब्द उचलला. विसाव्या वेळी तिने ओठ मिटलेच नाहीत. स्वतःच तीनदा ठोकलं आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, तुम्हीच बोला. हीच ती प्रगती, जी मी तुला मिशीवर ताव देत कळवली.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की तिला शब्द जुळवायला किती वेळ लागतो. मला माहीत नव्हतं. मग त्यांनी त्यांच्याकडचं चित्रण लावलं. नऊ सेकंद. नऊ सेकंदांनी भिंगरी ‘पा...णी’ म्हणाली. मी ते पहिल्यांदा ऐकलं, तेही परक्या खोलीत.

आता सराव ही, भिंगरीची आईच, करून घेते. तिच्यापाशी पोरगी बोलते. मी खोलीत पाय टाकला की ओठ बंद, बोट टेबलावर. म्हणून मी स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या मुलीचे शब्द चोरून ऐकतो. कुणाला सांगू नकोस.

उरलासुरला लोभ राखावा.
धाकटा


ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

नाही सांगणार. सांगायला गेले तर माझंही सांगावं लागेल. माझ्या वर्गात एक मुलगी होती. ओठ हलायचे, आवाज नाही. हट्टी म्हणून मी तिला उत्तर येईपर्यंत उभी ठेवायचे. घंटा व्हायची, ती उभीच. तिची आई एकदा काही सांगायला आली होती. मी आईलाही बोलू दिलं नाही. परवापासून तिचं नाव आठवून बघतेय. येत नाही.

तुझी पोरगी अजून घरात आहे. स्वयंपाकघरातून बाहेर ये आणि नुसता बस.
ताई


ता. २९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

बसतो. कोपऱ्यात, जमिनीवर, हात मांडीखाली दाबून. बारा दिवस तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याच लायकीचा आहे.

काल चित्र काढताना तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. ही बाहेर गेलेली. भिंगरी पेन्सिल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. शब्द माझ्या दातांशी येऊन उभा होता, गिळला. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग म्हणाली, ‘तो...क.’ मी काही दुरुस्त केलं नाही, शाबासकीही दिली नाही. टोक काढून दिलं.

ती जागेवर गेली. कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल दाबून टोक मुद्दाम मोडलं, आणि परत आली.

धाकटा